डोंगरी बुजुर्गचा काळा दगड



भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, की आपण त्यातील सेल बदलतो. पण तो सेल कशाचा बनतो आणि त्यातील वस्तू कुठून येतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आपल्या नामपुरात एक निवृत्त विज्ञान शिक्षक राहतात. सारे गाव त्यांना मास्टरसाहेब म्हणते आणि त्यांच्या पत्नीला खाला. मास्टरसाहेबांनी तीस वर्षे फळ्यावर साध्या सेलची आकृती काढली. बाहेर जस्ताचे भांडे, मधोमध कार्बनची कांडी आणि कांडीभोवती काळी पूड. या पुडीत मँगनीज डायऑक्साइड असते. जस्ताकडून निघालेले इलेक्ट्रॉन तारेतून, दिव्यातून फिरून येतात आणि ही पूड ते स्वीकारते. म्हणून दिवा लागतो.

एकदा घड्याळाचा सेल बदलताना खालांनी विचारले, "अहो, ही काळी पूड येते कुठून?"

"खाणीतून."

"कोणत्या खाणीतून?"

मास्टरसाहेबांना सांगता आले नाही. त्यांनी पुस्तके चाळली. अशी एक मोठी खाण आपल्याच महाराष्ट्रात निघाली. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, गाव डोंगरी बुजुर्ग!

हे नाव वाचून तुम्हांला गंमत वाटली असेल. 'बुजुर्ग' हा शब्द तुमच्या घरातलाच आहे. एकाच नावाची दोन गावे असली, तर मोठ्या गावाला बुजुर्ग आणि लहान गावाला खुर्द म्हणण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे 'बुजुर्ग'चे 'बुद्रुक' झाले. गावांच्या पाट्यांवर तो शब्द तुम्ही रोज वाचता. पण तो तुमच्या ओळखीचा आहे, हे कुणी सांगितले नसेल.

खाला हसून म्हणाल्या, "आपणही आता बुजुर्गच. चला, पाहून येऊ."

मास्टरसाहेबांनी खाण पाहण्यासाठी आधी पत्र लिहून परवानगी मागितली. ती मिळाल्यावर दोघे जुन्या मोटारीतून निघाले. प्रवास सुमारे सातशे किलोमीटरांचा. मोसम नदी मालेगावात गिरणेला मिळते. तिथून धुळ्याकडे वळले, की डाळिंबांची ओळखीची शेते मागे पडतात. जळगावकडे केळीच्या बागा, अकोल्याकडे कपाशी, अमरावतीच्या पुढे संत्री. वाटेत बाळापूरचा मोगलकालीन किल्ला लागला. मुक्काम अमरावतीला. दुसऱ्या दिवशी नागपूर ओलांडून भंडारा जिल्ह्यात शिरताच भाताची खाचरे आणि तलाव दिसू लागले. या तलावांना 'मालगुजारी तलाव' म्हणतात. तोही शब्द खालांना कुणाला विचारावा लागला नाही.

तुमसरहून उत्तरेला मध्य प्रदेशाच्या सीमेकडे गेले, की डोंगरी बुजुर्ग येते. नाव डोंगरीचे, पण त्यांच्यासमोर होता पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला प्रचंड खड्डा! तळाशी चाललेले ट्रक खेळण्यांएवढे दिसत होते. सुरुंग उडवण्यापूर्वी भोंगा वाजला, तेव्हा खालांनी दोन्ही कान झाकले. उर्दूत खाणीलाही 'कान'च म्हणतात, हे मास्टरसाहेबांना नेमके त्याच वेळी आठवले!

इथल्या खडकांचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. समुद्राच्या तळाशी साठलेला गाळ पुढे उष्णतेने आणि दाबाने बदलला व त्यातून हे खडक झाले. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनी या पट्ट्यातील एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. ज्यांच्या जंगलात खाणी निघाल्या, त्यांचे नाव दगडाला मिळाले. त्यांना आणखी काय मिळाले, हे तुम्ही मोठे झाल्यावर शोधा. मध्य प्रांतातील मँगनीज काढण्यासाठी 1896 साली ब्रिटिशांची कंपनी आली. 1962 साली भारत सरकारच्या भागीदारीने नवी कंपनी स्थापन झाली. तिला आज 'मॉयल' म्हणतात. मँगनीज सेलपेक्षा कितीतरी जास्त पोलादाला लागते. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथल्या पोलादात त्याचे प्रमाण सुमारे 12 टक्के असते.

दुपारी चहाच्या टपरीवर एक वृद्ध बाई भेटल्या. तरुणपणी त्या खाणीवर दगड निवडत असत. त्यांनी सारख्या आकाराचे दोन दगड खालांच्या हातांत ठेवले.

"धरून पाहा माय. जड कोणता?"

उजव्या हातातला बराच जड होता. "तोच माल. आम्ही दिवसभर असंच हातानं वजन ओळखायचो."

"मग घरी बॅटरी असेल तुमच्या?" खालांनी सहज विचारले.

"कुठली माय? सेल घ्यायला पैसे कुठे होते? अंधारात चिमणी लावून भाकरी थापायचो."

खाला काहीच बोलल्या नाहीत. बाईंच्या हाताला कंप होता. तो वयामुळे असेल किंवा आणखी कशाने. मास्टरसाहेबांना विचारण्याचे धाडस झाले नाही. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर मज्जासंस्था बिघडते, हात थरथरतात, चाल बदलते. अशा कामगारांची नोंद स्कॉटलंडमधील डॉक्टर जॉन कूपर यांनी 1837 सालीच केली होती. मास्टरसाहेब मला म्हणाले, "सेलची आकृती मी हजार वेळा काढली असेल. तिच्यात कुणाचा हात काढायचे मला कधी सुचले नाही."

निघताना बाईंनी तो जड दगड खालांना भेट देऊ केला. मास्टरसाहेबांनी हात जोडून तो परत दिला. खाणीचा माल असा नेता येत नाही. पण खालांनी बोटे ओढणीला पुसली होती. तो काळा डाग तीनदा धुऊनही गेला नाही. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, तर त्या तो दाखवतील आणि मग कपाटातून दोन दगड काढून विचारतील, "जड कोणता?" ते दगड मात्र आपल्या मोसमच्या पात्रातले आहेत.

शब्दार्थ : खाचर – भाताचे बांध घातलेले शेत, सुरुंग – खडक फोडण्यासाठी पेरलेली दारू, चिमणी – रॉकेलचा लहान दिवा, पोलाद – फौलाद, पात्र – नदीचा तळ.

स्वाध्याय
1. खालांच्या प्रश्नाचे उत्तर मास्टरसाहेबांना का देता आले नाही?
2. आपल्या तालुक्यातील 'बुद्रुक' आणि 'खुर्द' गावांची नावे शोधून लिहा.
3. घरातील एक वस्तू निवडा. ती कशाची बनली आहे व ते कुठून येते, हे मोठ्यांना विचारून आठ ओळी लिहा. (सेल फोडून पाहू नये.)