बिबट्याचे घर कुठे?

गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात 'प्राणी आणि त्यांची घरे' हा पाठ घेतला. मुलांना कागद देऊन आम्ही बिबट्याचे घर काढायला सांगितले. बहुतेकांनी डोंगर आणि गुहा काढली. एका चिमुरडीने नुसत्या हिरव्या उभ्या रेघा ओढल्या. विचारले तर म्हणाली, "आमचा ऊस!"

उत्तर तिचेच बरोबर होते. वडगाव रासाईपासून भीमेच्या काठाने पाहा, ऊसच ऊस. बिबट्याला दाट आडोसा हवा, जवळ पाणी हवे, खायला कुत्री, डुकरे, शेळ्या हव्यात. उसात राहिले की हे सगळे मिळते. मादी तिथेच वीते. मग तोडणी येते आणि ते घर दोन दिवसांत भुईसपाट होते. सरीत पिल्ले सापडतात ती अशी. त्यांना उचलू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवावे. ते लोक पिल्ले क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा रात्री आई येऊन घेऊन जाते. हे ऐकताना वर्ग अगदी गप्प होता.

मग एकाने विचारले, "त्याला मारूनच का टाकत नाहीत?" प्रश्न खोटा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याच शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याने लहान मुलांचे जीव घेतले. माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याला वनखात्याने गोळी घातली, काही पकडून जुन्नरजवळ माणिकडोहच्या केंद्रात ठेवले जातात. पण एक गेला की रिकाम्या जागी दुसरा येतो, कारण ऊस तिथेच असतो. त्या आईबापांसमोर 'प्राण्यांवर प्रेम करा' एवढेच म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

म्हणून पालकांनो, घरी एवढे करा. दिवस मावळल्यावर मुलाला एकटे परसाकडे पाठवू नका. खाली बसलेले मूल बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. उसाच्या कडेने जाताना बॅटरी घ्या, मोठ्याने बोलत चला. शेळ्या बंदिस्त गोठ्यात बांधा. आणि कोंबडीची घाण, उरलेसुरले अन्न ओढ्याकाठी टाकणे बंद करा. त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. (हे आम्ही मोठ्यांनाच सांगतो आहोत. मुले घाण टाकायला जात नाहीत.)

मुलांची चित्रे दाराजवळच्या फलकावर लावली आहेत. हिरव्या रेघांचे चित्र मधोमध आहे.