तीन मिनिटांच्या बीफची तयारी

हाँगकाँगला राहायला आल्यापासून कँटनी पद्धतीचं काइलान-बीफ आमच्याकडे वरचेवर होतं. कढईत ते जेमतेम तीन मिनिटं असतं. त्याची चव मात्र शेगडी पेटण्याआधीच ठरते.

१. मांस कापणं सर्वांत महत्त्वाचं. मंडईतल्या मांसवाल्या मावशी काय करणार ते विचारल्याशिवाय सुरी उचलत नाहीत. सूपचा तुकडा वेगळा, परतायचा वेगळा. मी पोटाकडचा फ्लँक घेते, कारण त्यातले धागे स्पष्ट दिसतात. काप त्या धाग्यांना आडवेच हवेत, म्हणजे धागे आखूड होतात आणि दाताला चिवट लागत नाहीत. तुकडा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवला तर तीन मिलिमीटरचे काप सहज निघतात. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यापासून गाय-बैलाचं मांस मिळत नाही, म्हशीचं मिळतं. ते जास्त राठ, त्यामुळे काप आणखी पातळ करावेत.

२. अर्धा किलो मांसाला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून चोळावा. सोड्याने मांसाच्या पृष्ठभागाचा सामू वाढतो, मग आचेवर प्रथिनं एकमेकांना फार आवळत नाहीत आणि ओलावा आत राहतो. वीस मिनिटांनी मांस धुऊन, दाबून कोरडं करावं. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. नंतर हलका सॉय, थोडी शाओशिंग वाइन, कॉर्नफ्लोअर आणि शेवटी चमचाभर तेल.

३. सॉय दोन लागतात: खारटपणाला हलका, रंगाला गडद. गडद अगदी थेंबभर. ऑइस्टर सॉस याच भागातला. ली कम शेउंग यांनी १८८८ साली ग्वांगदोंगमधल्या नानशुई इथे तो विकायला सुरुवात केली. तो घातल्यावर मी वेगळं मीठ घालत नाही.

४. काइलान या पालेभाजीचे देठ जाड असतात. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून निथळून घ्यावी. ब्रोकोलीही चालते.

५. हॉटेलच्या भट्टीची आच घरच्या शेगडीला कधीच येत नाही. म्हणून मांसच कमी घ्यायचं, एका वेळी पाव किलोपर्यंत. त्याहून जास्त टाकलं की कढई थंडावते, पाणी सुटतं आणि मांस परतण्याऐवजी उकडतं. पातळ लोखंडी कढई धूर दिसेपर्यंत तापवावी, मग तेल घालावं. नॉनस्टिक भांडं एवढ्या आचेला अजिबात वापरू नये. काप पसरून अर्धा मिनिट हलवायचे नाहीत, तो खरपूस रंग तेवढ्यातच धरतो. पाऊण शिजले की बाहेर काढायचे. त्याच कढईत आलं-लसूण, मग भाजी, मग मांस परत, आणि सॉस कढईच्या कडेने सोडायचा. तापल्या लोखंडावर सॉय चरचरला की जो वास सुटतो, त्यासाठीच मी हा सगळा खटाटोप करते. इथे कढईतल्या ज्या धुरकट वासाला ‘वोक हेइ’ म्हणतात त्याच्या जवळपास घरच्या शेगडीवर एवढंच जाता येतं, आणि ते पुरेसं आहे.

६. आपल्याकडच्या गाडीवरच्या चायनीजसारखी ग्रेव्ही इथे नको. रस मांसाला चिकटलेला असावा, ताटलीत वाहू नये.

७. आठजण जेवायला असले की मी चौघांपुरतं करून लगेच वाढते आणि ते भाताबरोबर खात असतानाच दुसरी खेप टाकते.