वेळेचा हिशेब

(शाळा सोडून महाविद्यालयात गेल्यावर अभ्यासाची जबाबदारी आपल्यावर येते. तेव्हा वेळ कसा वापरावा, हे या पाठात सांगितले आहे.)

शाळेत घंटा वाजते आणि तास बदलतो. गृहपाठ केला की नाही, हे शिक्षक विचारतात. दहावीनंतर तुम्ही महाविद्यालयात जाल. तिथेही तास असतात. पण घरी अभ्यासाला केव्हा बसायचे, हे सांगणारी घंटा नसते. ती आपली आपणच वाजवावी लागते.

ठाणे जिल्ह्यातील लोकांना मिनिटाची किंमत रेल्वेने शिकवली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून भारतातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या स्थानकांवर थोड्या थोड्या मिनिटांनी लोकल येते. एकाच मार्गावरून इतक्या गाड्या कशा धावतात? प्रत्येक गाडीची वेळ आधी ठरलेली असते, म्हणून. आपल्या कामांचेही असेच आहे. वेळ ठरलेली नसेल, तर एक काम दुसऱ्याची वाट अडवते.

समजा, भिवंडीची एक मुलगी कल्याणच्या महाविद्यालयात शिकते. आठवड्याचे एकूण तास १६८. रोज आठ तास झोप, म्हणजे ५६ तास. सहा दिवस रोज पाच तास महाविद्यालय, म्हणजे ३०. रोज दोन तास प्रवास, म्हणजे १२. जेवण, आंघोळ, घरकाम यांना रोज पाच तास, म्हणजे ३५. बेरीज झाली १३३. उरले किती? ३५ तास!

"मला वेळच मिळत नाही," असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. हे ३५ तास एकदम हाती येत नाहीत. ते तुकड्यातुकड्यांनी येतात, म्हणून गप्पांत आणि मोबाइलवर नकळत निघून जातात. त्यांतले २० तास अभ्यासाला द्यावेत. १२ तास खेळ, मित्रमैत्रिणी व विश्रांती यांना द्यावेत. उरलेले ३ तास मोकळे ठेवावेत. घरी पाहुणे आले, कोणी आजारी पडले, तर ते उपयोगी पडतात.

मन ताजे असेल तेव्हा अवघड विषय घ्यावा. पाऊण तास वाचून दहा मिनिटे उठावे. आज वर्गात शिकवलेले आजच एकदा वाचावे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

उर्दू माध्यमातून गेलेल्यांना एक काम अधिक असते. अनेक महाविद्यालयांत विज्ञान व वाणिज्य हे विषय इंग्रजीतून शिकवतात. विषय ओळखीचा असतो, पण शब्द नवे असतात. हुशार मुलेही इथे गोंधळतात. म्हणून वहीत तीन रकाने आखावेत : इंग्रजी शब्द, उर्दू अर्थ, मराठी अर्थ. रोज पाच शब्द लिहिले, तर सहा दिवसांत तीस होतात. ठाणे हे तलावांचे शहर आहे; 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण तिथल्या मुलांना वेगळी समजावून सांगायला नको.

मूळच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. देश परका, भाषा परकी, प्रकृती नाजूक. तरीही १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांचा दिवसही चोवीस तासांचाच होता.

वेळापत्रक केले, तरी एखादा दिवस ते मोडेल. त्यामुळे निराश होऊ नये. पावसाळ्यात लोकल उशिरा धावतात; म्हणून रेल्वे आपले वेळापत्रक फाडून टाकत नाही.

शब्दार्थ : हिशेब – हिसाब, आगगाडी – रेल्वेगाडी, नकळत – लक्षात न येता, रकाना – उभा कप्पा, प्रकृती – तब्येत.

स्वाध्याय
१. महाविद्यालयात घंटा कोणी वाजवायची, असे लेखक म्हणतो? का?
२. तीन तास मोकळे का ठेवावेत?
३. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' याचा वाक्यात उपयोग करा.
४. आपल्या आठवड्यातील १६८ तासांचा हिशेब वहीत मांडा.