पुस्तक मिटून सांगणे

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो. मुलगा मोठ्याने धडा वाचीत असतो व आईबाप कौतुकाने ऐकत असतात. तोच धडा पाच वेळा, सात वेळा वाचून होतो. इतके कष्ट करूनही परीक्षेत कागद कोरा राहिला, तर घरची माणसे म्हणतात, "ह्याला डोकेच नाही, उद्यापासून कामावर येऊ दे." अशा एका वाक्याने शाळा कायमची सुटलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांस डोके नव्हते असे नाही. डोक्याकडून काम कसे घ्यावे, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपण विसरतो कसे ते पाहू. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन विद्वानाने ह्याचा शोध स्वतःवरच प्रयोग करून लाविला व तो १८८५ साली प्रसिद्ध केला. त्याने निरर्थक अक्षरांच्या याद्या तयार करून पाठ केल्या, आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम पडतात हे मोजले. तेव्हा असे दिसून आले की, पहिल्या श्रमांपैकी अर्ध्याहून अधिक एका तासातच वाया जातात, व एका दिवसानंतर सुमारे दोनतृतीयांश जातात. परंतु पुढे ही गळती मंदावते. महिन्यानंतरही सुमारे एकपंचमांश शिल्लक राहते. ह्याच विद्वानास दुसरी गोष्ट अशी आढळली की, अर्थ असलेल्या कवितेच्या ओळी पाठ करण्यास निरर्थक अक्षरांच्या मानाने केवळ एकदशांश श्रम पुरतात. ज्याचा अर्थ कळला ते मनास हलके वाटते, हे ह्यावरून उघड आहे.

आता अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात झालेला एक प्रयोग सांगतो. २००६ साली रोडिगर व कार्पिके ह्या दोघा संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस एक लहानसा उतारा दिला होता. एका गटाने तो चार बैठकींत सरासरी चौदा वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या बैठकीतच तीनचार वेळा वाचला, आणि उरलेल्या तीन बैठकींत उतारा न पाहता, आठवेल तेवढे लिहून काढिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांस शंभरांपैकी ८३ भाग आठवले, लिहिणाऱ्यांस ७१. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांजवळ ४० भाग उरले व लिहिणाऱ्यांजवळ ६१. विशेष हे की, आपणांस चांगले आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांसच अधिक होती!

येथेच आपली फसगत होते. पुन्हा पुन्हा वाचल्याने शब्द ओळखीचे होतात, आणि ओळख झाली म्हणजे ज्ञान झाले असे मन समजते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्यात म्हण आहे. ती खरी आहे. परंतु कित्येकदा आडात पाणी असते, पण पोहरा सोडून ते वर ओढण्याचा सराव नसतो. पुस्तक मिटून आठवणे हा तो सराव होय.

तेव्हा अभ्यास करणाऱ्याने चार गोष्टी कराव्या. पहिली, धडा एकदोनदा लक्षपूर्वक वाचून पुस्तक मिटावे, आठवेल ते स्वतःच्या शब्दांत सांगावे किंवा लिहावे, आणि मग पुस्तक उघडून चूक सुधारावी. हे शेवटचे काम टाळू नये, नाही तर चूकच पक्की होते.

दुसरी, "का?" असे विचारावे. हृदयास चार कप्पे असतात, हे पाठ करणे सोपे आहे. परंतु खालच्या दोन कप्प्यांपैकी डाव्याची भिंत अधिक जाड का? उजवा कप्पा रक्त जवळच्या फुप्फुसांत पाठवितो, आणि डाव्यास ते सर्व शरीरात ढकलावयाचे असते. एवढे समजले म्हणजे ती गोष्ट घोकावी लागत नाही.

तिसरी, उजळणीत अंतर ठेवावे. एकाच रात्री तीन तास घालविण्यापेक्षा थोडा वेळ आज संध्याकाळी, थोडा उद्या व थोडा आठवड्याने द्यावा. शेतास आठवड्याचे पाणी एकाच दिवशी दिले तर ते वाहून जाते, तसेच हे आहे.

चौथी, क्रम मोडून विचारावे. कित्येक मुले साताचा पाढा धडाधड म्हणतात, पण "सात आठे किती?" असे मध्येच विचारले की 'सात एके सात' पासून आरंभ करितात. पाढे पाठ करणे वाईट नव्हे, ते पाठ पाहिजेतच. परंतु हवा तो अंक हव्या त्या वेळी सापडला तरच ते पाठांतर कामाचे.

ही रीत आरंभी कष्टाची वाटते. आठवत नाही म्हणून मूल खिन्न होते. परंतु आठवण्यासाठी जी धडपड होते, तिनेच विषय मनात रुजतो, हे त्यास समजावून सांगावे.

आता आईबापांस एक शब्द. "आम्हांस वाचता येत नाही, आम्ही काय शिकविणार?" असे म्हणू नका. ज्या आईस अक्षर येत नाही, तीही भाकऱ्या थापताना म्हणू शकते, "काय शिकलास रे आज? मला समजेल असे सांग बघू." मूल सांगू लागले की मध्येच "ते का बरे?" असे विचारावे. जेथे ते अडखळेल, तेथेच त्याचा धडा कच्चा आहे. मग त्याने पुस्तक उघडून पाहावे. ह्या शिकवणीस पैसा लागत नाही. रोज पाव तास ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते. मुलाला डोके नाही, हा निकाल देण्यापूर्वी एवढे तरी एक महिनाभर करून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

आणि वाचकहो, आरंभ आपणच करावा. हा अंक आता घडी करून बाजूस ठेवा, व वर सांगितलेल्या चार गोष्टी कोणत्या, हे जवळच्या माणसास सांगून पाहा.