गुरुवारीही डोकं दुखत असेल तर

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात प्रत्येक दुखण्याला कामाचं कारण आधीच तयार असतं. डोकं दुखतंय? तिसरी पाळी. डोळ्यांपुढे अंधारी येते? वेल्डिंगचा उजेड. उलटी झाली? कँटीनची भाजी. हाताला मुंग्या येतात? ग्राइंडर. बहुतेकांच्या बाबतीत ही कारणं खरीही असतात. म्हणूनच ज्याच्या बाबतीत ती खरी नसतात, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी त्यातला एक. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला होतो, फॅब्रिकेशनला. राहायला भोसरीत. पहाटे डोकं ठणकतच जाग यायची, बस येईपर्यंत एखादी उलटी व्हायची आणि उलटी झाली की बरं वाटायचं. दहाच्या चहापर्यंत डोकं हलकं व्हायचं. त्यामुळे घरात, लाइनवर आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ‘पित्त’ हे निदान एकमताने झालं. पित्ताच्या गोळ्या झाल्या, वेदनाशामक झालं, मग चष्म्याचा नंबर बदलून झाला. पुढे डाव्या हाताचा अंगठा अधूनमधून मिनिटभर आपोआप उडायला लागला. सुपरवायझर भला माणूस. त्याने ग्राइंडिंगवरून काढून पॅकिंगला लावलं. ग्राइंडर सुटला, अंगठा उडायचा काही थांबला नाही. याच काळात मी चिडका झालो, सांगितलेलं विसरू लागलो. बायकोला वाटलं, ओव्हरटाइमचा ताण. गावाकडून चुलती आली, तिने ‘बाहेरचं’ बघून घ्यायला सांगितलं.

शेवटी लाइनवरच मोठी फिट आली. मला त्यातलं काही आठवत नाही; जे कळलं ते सोबतच्या पोरांकडून. नाकाला चप्पल लावली, मुठीत किल्ल्या दिल्या, दातांत चमचा घातला. चमच्याने पुढचा दात तुटला. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, पुढच्या भागात गाठ दिसली. ऑपरेशन झालं, तपासणीत ती दुसऱ्या श्रेणीची ग्लायोमा निघाली, मग रेडिएशन घेतलं. दरम्यान ठेकेदाराने हजेरीपटावरून माझं नाव उडवलं होतं. आज मी बरा आहे. ठरावीक काळाने एमआरआय करून घेतो. आमच्या भागात कुणाच्या घरी असं निदान झालं की कुणीतरी माझा नंबर देतं आणि फोन येतो. त्या फोनवर जे सांगतो, तेच इथे लिहितो.

सुट्टीच्या दिवशी काय होतं ते पाहा

आपल्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. कामाने दुखणारं अंग सुट्टीच्या दिवशी थोडं तरी सैल पडतं. झोप झाली, मशीनचा आवाज नाही, उजेड नाही, तरी गुरुवारी सकाळी डोकं तसंच ठणकतंय आणि आठवड्यामागून आठवडे ते वाढतच चाललंय, तर कामाचं कारण बाजूला ठेवा. हा काही वैद्यकशास्त्राचा नियम नव्हे. पण मोठ्या डॉक्टरकडे जायला एवढं निमित्त पुरेसं आहे.

नुसत्या डोकेदुखीमागे ट्यूमर फार क्वचित असतो, तेव्हा लगेच घाबरू नका. बघायची ती जोडीने येणारी लक्षणं. पहाटे जास्त होणारी, खोकताना किंवा वाकताना वाढणारी डोकेदुखी आणि सोबत उलटी, एका बाजूच्या हातापायातली ताकद कमी होणं, एकाच कानाने कमी ऐकू येणं, एकाचे दोन दिसणं किंवा नजरेची एक बाजू कापल्यासारखी होणं, शब्द न सापडणं, स्वभाव बदलणं. कवटी हाडाची, ती फुगत नाही. आत गाठ वाढली की दाब वाढतो, आणि रात्रभर आडवं पडल्यावर तो आणखी चढतो. म्हणून पहाटेचा त्रास जास्त.

इथे चष्म्याच्या दुकानाचा एक फसवा टप्पा येतो. दुकानात फक्त नंबर तपासला जातो. डोळ्यामागची नस सुजली आहे का, हे नेत्रतज्ज्ञ बाहुली मोठी करणारं औषध घालून पाहू शकतात, आणि ती सूज कवटीतल्या वाढलेल्या दाबाची खूण असू शकते. नंबर बदलूनही डोकेदुखी थांबत नसेल तर नेत्रतज्ज्ञांना मागचा पडदा तपासायला सांगा.

मोठ्या वयात आयुष्यातली पहिली फिट आली, तर मेंदूचा स्कॅन झालाच पाहिजे. एखादा अवयव मिनिटभर आपोआप उडणं हीसुद्धा छोटी फिट असू शकते.

लाइनवर फिट आली तर

मशीन बंद करा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याशी आवळलेलं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. चप्पल, कांदा, किल्ल्या यांनी फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर थेट रुग्णालयात न्या.

एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढावा. तो फिरवायला नाही, डॉक्टरांना दाखवायला. ज्याला फिट येते त्याला काही आठवत नसतं, म्हणून पाहणाऱ्या माणसाला सोबत न्या. फिट कुठल्या बाजूने सुरू झाली, यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

‘गाठ आहे’ म्हटल्यावर

स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. आपल्या देशात मेंदूतला टीबी आणि फितकृमीच्या अळीचा संसर्ग यांच्या गाठीही पुष्कळ निघतात, आणि त्या औषधांनी बऱ्या होऊ शकतात. ट्यूमरमध्येही मेनिन्जिओमासारख्या गाठी बहुधा साध्या असतात. उलट ग्लायोब्लास्टोमा चौथ्या श्रेणीचा, झपाट्याने वाढणारा. म्हणून ‘ट्यूमर’ एवढ्या शब्दावर थांबू नका. प्रकार कोणता, श्रेणी कोणती आणि हे तुकडा तपासून ठरलंय की नुसत्या स्कॅनवरून, हे डॉक्टरांना विचारा आणि लिहून घ्या.

एमआरआयची सीडी, बायोप्सीचा अहवाल, ऑपरेशनची टिपणं जपून ठेवा. काढलेल्या गाठीचे मेणातले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड प्रयोगशाळेत असतात. दुसऱ्या रुग्णालयाचं मत घ्यायचं तर त्या मागवाव्या लागतात. दुसरं मत घेतल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. मेंदूची सूज उतरवायला दिलेलं स्टिरॉइड आणि फिटची गोळी मनाने बंद करू नका. स्टिरॉइडने साखर वाढते, हेही लक्षात असू द्या.

मोबाइलमुळे झालं का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं होतं. पुढे याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात, २०२४ मध्ये, मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. तेव्हा घरात कुणाला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

पैसा आणि कागद

कामगाराचं सगळ्यात मोठं बळ ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येतात, ठेक्यावरचेही. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्याहून महत्त्वाचं, दीर्घ आजारांच्या ३४ रोगांच्या यादीत कर्करोग आहे आणि कवटीच्या आत जागा व्यापणारी गाठही आहे. अशा आजारात ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. अट अशी, की दोन वर्षांची सलग विमाधारक नोकरी हवी आणि वर्गणीचे दिवस पुरेसे हवेत.

ठेक्यावरचा माणूस नेमका या अटीत अडकतो. ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक काढतात आणि जुनी नोंद तुटते. धडधाकट असतानाच आपला क्रमांक एकच आहे ना आणि पगारातून कापलेली वर्गणी जमा होतेय ना, हे तपासा. चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. तिथून पुढे पाठवण्याचं पत्र घेऊनच मोठ्या रुग्णालयात जा. आधी भरती आणि मग पत्र असं केलंत, तर खर्चाचे पैसे मिळवताना दमछाक होते.

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. उपचार मुंबईत असतील तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांची नावं लक्षात ठेवा. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे तिकिटात सवलत आहे.

कामावर परतताना

फिट येणाऱ्याने उंचीवर, प्रेसवर, फोर्कलिफ्टवर काम करू नये. नाशिक रस्त्यावर दुचाकी तर नाहीच. हलकं काम मागताना डॉक्टरांचं पत्र घ्या. त्यात काय करू नये याबरोबर काय करता येईल, हेही लिहून घ्या. नुसतं ‘मशीनवर नको’ असं लिहिलेला कागद दिला की माणूस गेटबाहेर जातो.

टाके भरले की लोकांना वाटतं संपलं. पण थकवा, विसराळूपणा, तडकाफडकी राग हे आतल्या इजेचे परिणाम राहू शकतात. घरच्यांनी तो स्वभावाचा दोष समजू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाशी जोडलेली ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया रुग्ण आणि नातेवाइकांना एकत्र आणते, गरजूंना मदत करते. याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या माणसाशी बोलण्याने जो धीर येतो, तो औषधाच्या दुकानात मिळत नाही.

जगाकडून घ्यायचं ते

८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. तो २००० मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या रुग्णसाहाय्य संस्थेने सुरू केला. २००५ मध्ये इंटरनॅशनल ब्रेन ट्यूमर अलायन्स उभी राहिली. तिच्या संस्थापकांत ऑस्ट्रेलियाचे डेनिस स्ट्रँगमन आणि ब्रिटनच्या कॅथी ऑलिव्हर होत्या. एकाने पत्नीचा आजार जवळून पाहिला, दुसरीने मुलाचा. या संघटनेने २०२० मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद मांडली. लक्षणांची वेळेवर तपासणी, स्पष्ट निदान, स्वतःची कागदपत्रं मिळणं, पुनर्वसन आणि अखेरच्या काळातली सन्मानाची काळजी हे सगळं तिच्यात येतं.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती ब्रिटनची ‘हेडस्मार्ट’ मोहीम. २०११ पासून त्यांनी लहान मुलांमधल्या लक्षणांची छोटी कार्डं पालक आणि डॉक्टरांपर्यंत पोचवली. लक्षणं दिसल्यापासून निदानापर्यंतचा काळ काही वर्षांत सुमारे निम्म्यावर आला. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही; योग्य माणसाच्या खिशात योग्य कागद.

आपल्या कारखान्यांत दर वर्षी ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह होतो. शपथ होते, घोषवाक्यं होतात, बक्षिसं वाटली जातात. सुरक्षा अधिकाऱ्यांना आणि युनियनच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: त्या सप्ताहात एक तास फिटच्या प्रथमोपचाराला द्या. ८ जूनला मराठी आणि हिंदीत लक्षणांचं एक पान कँटीनच्या फळ्यावर आणि कंपनीच्या बसमध्ये लावा. ठेक्यावरच्या कामगारांचे विमा क्रमांक वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि कुणी वारंवार खाडे करू लागला, हातातली वस्तू पाडू लागला, उगाच चिडू लागला, तर मेमो देण्याआधी त्याला डॉक्टरकडे पाठवा.