पिकअप बदलण्याआधी स्क्रू फिरवा

गिटारचा आवाज मनातून उतरला की सगळ्यात आधी संशय पिकअपवर जातो. माझाही गेला. मध्यम किमतीची दोन हमबकरवाली गिटार, घरचा छोटा अँप आणि डोक्यात सत्तरच्या दशकातल्या रॉकचा तो भरदार, जरा गोडसर टोन. ताकदवान म्हणून ज्याचा गवगवा होता असा सिरॅमिक चुंबकाचा पिकअप ब्रिजला बसवून घेतला, नेकला दुसऱ्या कंपनीचा. जोडीला गिटारच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. डिस्टॉर्शन लावलं की आवाज अंगावर यायचा, हे खरं. पण क्लीन वाजवताना तार हळू छेडा की जोरात, फरक म्हणून पडेना. शिवाय टॉगल मधोमध ठेवला की दोन्ही पिकअप मिळून नाकात बोलायला लागायचे.

ज्यांनी बसवून दिले त्या कारागिरांचं म्हणणं, ‘थोडे दिवस वाजवा, आवाज उघडेल.’ तांब्याच्या तारेचं वेटोळं वाजवून उघडत नाही. पिकअप एकेकटा छान वाजतो आणि दोन्ही एकत्र लावले की बास गायब होतो, याचा अर्थ दोघांची फेज उलटी आहे. एका पिकअपची हॉट आणि ग्राउंड वायर अदलाबदल केली, काम झालं. फक्त उघडी शील्डची तार ग्राउंडलाच ठेवायची. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवणार असाल तर हे आधीच बोलून घ्या. वायरींचे रंगही सारखे नसतात. सीमोर डंकनची हॉट वायर काळी, डिमार्झिओची लाल. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला तर हमबकरची दोन कॉइलं आपसातच भांडतात.

आता मूळ प्रश्न. ज्या आवाजाच्या मागे मी होतो, तो ताकदवान पिकअपचा नव्हताच. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी हमबकरच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला आणि १९५७ पासून ते पिकअप लेस पॉलवर आले. त्यांचा रेझिस्टन्स साधारण ८ किलोओहम, चुंबक अल्निको. सत्तरच्या दशकातले कितीतरी वादक याच जातीचे पिकअप मोठ्या आवाजाच्या व्हॉल्व्ह अँपला जोडत. गोडवा बराचसा त्या अँपचा. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ मध्ये आला तो याच्या उलट गरजेसाठी, अँपला जास्त ढकलायला.

दुकानात किलोओहमचा आकडा तोंडावर फेकतात, त्याला भुलू नका. डंकनचा जेबी १६ किलोओहमच्या आसपास दाखवतो, म्हणून तो ८वाल्याच्या दुप्पट जोरात वाजत नाही. त्याची तार बारीक आहे, आणि बारीक तारेचा रेझिस्टन्स तेवढ्याच लांबीला जास्त भरतो. आकडा बघायचाच तर एकाच तारेच्या, एकाच चुंबकाच्या दोन पिकअपमध्ये बघा.

त्याहीआधी फुकटातला उपाय करा. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि तार व पिकअप यांच्यातलं अंतर पट्टीने मोजा. हमबकरला दीड ते अडीच मिलिमीटरच्या दरम्यान ते ठेवून दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत ऐकत जा. जवळ आणला की आवाज मोठा आणि दाट, खाली नेला की मोकळा. स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइलमध्ये चुंबकच तारेखाली असतात. ते फार वर आले तर जाड तार ओढली जाते आणि ट्यूनर बरोबर दाखवत असूनही सूर बेसूर लागतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत झालंय. उरलेल्यांतल्या बऱ्याच जुन्या तारांच्या.

मग पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे पोटेन्शिओमीटर, बघा. सिंगल कॉइलला २५० के आणि हमबकरला ५०० के, ही रीत उगाच पडलेली नाही. हमबकरला २५० केचा पॉट लावला की वरचा ट्रेबल दबतो आणि शिव्या पिकअप खातो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला शंभर-दोनशे रुपयांत हा प्रयोग होतो. जाताना जुना पॉट सोबत न्या, शाफ्टची जाडी जुळायला हवी. उलट कर्कशपणा नको असेल तर हमबकरला मुद्दाम २५० के लावता येतो. केबल लांबलचक असेल तरी ट्रेबल गळतो, हे लक्षात असू द्या.

एवढं करूनही बदलायचाच असेल तर ब्रिजला तारांमधलं अंतर मोजा. ट्रेमोलोच्या गिटारला बहुधा रुंद, ५३ मिलिमीटरच्या आसपासचा पिकअप लागतो. आणि जुन्याच्या वायरी कापू नका, सोल्डर वितळवून काढा.

माझ्या ब्रिजवर आता अल्निको ५चा मध्यम पिकअप आहे. तो सिरॅमिकवाला मेटल वाजवणाऱ्या एका मुलाने घेतला. वायरी पूर्ण लांबीच्या होत्या, म्हणून किंमतही बरी आली. त्याच्या गिटारवर तो झकास वाजतो.