जुनी कॅसेट, नवा टीव्ही : वायर कुठे लावायची?



घाटकोपरच्या टेकडीवरची खोली असो, मुलुंडचा पाडा असो की बोरिवलीच्या खाडीपलीकडचं गोराई गाव असो, हप्त्यावर घेतलेला पातळ टीव्ही आता बहुतेक घरांत आला आहे. त्याच घरात माळ्यावर व्हीसीआर किंवा डीव्हीडी प्लेअर पडलेला असतो. सोबत लग्नाची कॅसेट, बारशाची सीडी, गटाच्या जुन्या मेळाव्याचं शूटिंग. "नव्या टीव्हीला हे चालत नाही" असं कुणी सांगितलं की आपण ते भंगारात देतो. बहुतेक वेळा ते चालतं. म्हणून या वेळचा धडा वायरींचा.

आधी थोडं समजून घेऊ

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं टीव्हीकडे जाणारा संकेत लाटेसारखा, चढउताराचा होता. त्याला अॅनालॉग म्हणतात. जुना व्हीसीआर तसाच संकेत देतो. नवा टीव्ही चित्र आकड्यांत मोजून दाखवतो, तो डिजिटल. मुंबईत केबलचं अॅनालॉग प्रक्षेपण ३१ ऑक्टोबर २०१२ ला बंद झालं आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. सुरुवातीच्या अनेक बॉक्सना तीन रंगांच्या पिनांचीच वायर होती. त्यामुळे ही वायर तुमच्या हाताखालून गेलेली असणार.

तिच्या तीन पिना अशा : पिवळी म्हणजे चित्र, पांढरी आणि लाल म्हणजे आवाज. पांढरी डाव्या बाजूचा, लाल उजव्या बाजूचा.

पहिलं काम : टीव्हीची पाठ बघा

वायर विकत घेण्याआधी टीव्हीची मागची आणि कडेची बाजू बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चारपैकी एक प्रकार दिसेल.

१. पिवळं, पांढरं, लाल सॉकेट आहे. रंगाला रंग जोडा. प्लेअरच्या बाजूला 'आउट', टीव्हीच्या बाजूला 'इन'. प्लेअरला दोन्ही असतात, तिथेच गफलत होते. माल देणारा 'आउट', माल घेणारा 'इन', एवढं लक्षात ठेवा.

२. पिवळं दिसत नाही, पण हिरवं, निळं, लाल आहे. अनेक टीव्हींत हिरव्या सॉकेटवरच पिवळी खूण असते किंवा 'व्हिडिओ' लिहिलेलं असतं. तसं असेल तर पिवळी पिन तिथे लावा. आवाजाची लाल पिन चित्राच्या लाल सॉकेटात घालू नका. पांढऱ्याच्या शेजारचं लाल ते आवाजाचं.

३. इअरफोनसारखं एकच बारीक भोक आहे आणि 'एव्ही इन' लिहिलं आहे. याला एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची सॉकेटं असलेली छोटी वायर लागते. टीव्हीच्या खोक्यात ती आली होती का, आधी शोधा. बाजारातली दिसायला सारखीच असते, पण आतली जोडणी कधी कधी वेगळी असते. मग चित्राऐवजी घरघर ऐकू येते. अशा वेळी पिवळी पिन लालच्या जागी लावून बघा. चित्र आलं तर वायर चालेल, फक्त रंगांची अदलाबदल लक्षात ठेवा.

४. यातलं काहीच नाही, फक्त चपटं एचडीएमआय सॉकेट आहे. मग मध्ये कन्व्हर्टरची डबी लागते. दुकानात नीट सांगा : 'एव्ही टू एचडीएमआय' हवा. उलटा, म्हणजे 'एचडीएमआय टू एव्ही' अगदी तसाच दिसतो, पण आपल्या कामाचा नाही. साधी डबी काही शे रुपयांत मिळते. तिला वीज लागते. डबीसोबतची यूएसबी वायर ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरला लावा. डबीवर ७२० आणि १०८० असा खटका असतो. टीव्हीला चालेल तो ठेवा.

डीव्हीडी प्लेअरला स्वतःचं एचडीएमआय आहे का, हेही बघा. असेल तर एका वायरीत काम झालं. उलट, एखाद्या जुन्या यंत्राला फक्त अँटेनाची गोल वायर असेल, तर ती टीव्हीच्या अँटेना सॉकेटात घाला, यंत्र चालू ठेवा आणि ट्यूनिंगमध्ये अॅनालॉग चॅनेल शोधा.

जोडताना

दोन्ही यंत्रं बंद करून, प्लग काढूनच वायरी लावा. मग सुरू करून रिमोटवरचं 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबा आणि एव्ही किंवा एचडीएमआय निवडा. "वायर लावली तरी काही येत नाही" या तक्रारीत हे बटणच बरेचदा राहिलेलं असतं.

असं झालं तर असं करा

- *चित्र आहे, आवाज नाही :* पांढरी आणि लाल पिन तपासा.
- *चित्र काळं-पांढरं :* पिवळी पिन हिरव्यात असेल तर सोर्समध्ये 'कंपोनंट' ऐवजी 'एव्ही' निवडा. मेनूत 'कलर सिस्टीम' असेल तर ती 'ऑटो' किंवा 'पाल' ठेवा. आपल्याकडची पद्धत पाल. अमेरिकेतून आलेली कॅसेट एनटीएससी असते, ती प्रत्येक व्हीसीआरला चालत नाही.
- *माणसं रुंद, बुटकी दिसतात :* जुनं चित्र ४:३ मापाचं, नवा पडदा १६:९ चा. 'पिक्चर साइझ' ४:३ करा. कडेला काळे पट्टे येतील, पण चेहरे खरे दिसतील.
- *चित्र पुसट :* पाल चित्रात दिसणाऱ्या रेषा ५७६, नव्या फुल एचडी टीव्हीत १०८०. पासपोर्ट फोटो बॅनरएवढा केल्यासारखं होतं. महागडी वायर घेऊन फार फरक पडत नाही. थोडं लांब बसा.

कॅसेट लावण्याआधी थांबा

मुंबईच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते. झाकण वर करून फितीकडे उजेडात बघा. पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर ती कॅसेट लावू नका. बुरशी यंत्राच्या हेडला चिकटते, फीत तुटू शकते, आणि नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. घरी पाणी, स्पिरिट, ओलं फडकं लावू नका. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला व्हीसीआरही आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर चालवून बघा. लग्नाची कॅसेट पहिली घालू नका.

एकदा दिसलं की लगेच उतरवून घ्या

व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानी कंपनी फुनाई हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता आहेत ती यंत्रं जुनीच, आणि फीत दर पावसाळ्यात आणखी खराब होते. कॅसेटमध्ये गेलेल्या सासूबाईंचा आवाज असेल, गटाची पहिली बैठक असेल, तर टीव्हीवर बघून समाधान मानू नका. त्याच तीन पिना यूएसबी कॅप्चर नावाच्या छोट्या यंत्राला लावून चित्र संगणकात उतरवता येतं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. दुकानात दिलीत तर पावती घ्या, कॅसेटवर नाव लिहा, मूळ कॅसेट परत मागून घ्या. तयार फाइलच्या दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

कन्व्हर्टर प्रत्येकीने घ्यायची गरज नाही. गटाने एक घ्यावा, नोंदवहीत कोणी कधी नेला ते लिहावं. चालता व्हीसीआर कुणाकडे असेल तर तोही असाच फिरू शकतो.

बैठकीत चर्चेसाठी

१. गटात किती जणींकडे कॅसेट आहेत? त्यात घरातलं किंवा गटाचं शूटिंग किती?
२. चालू व्हीसीआर कोणाकडे आहे?
३. प्रत्येकीने आपल्या टीव्हीच्या पाठीचा फोटो आणावा. वरच्या चारपैकी कोणता प्रकार, ते एकमेकींनी ओळखावं.
४. पावसाळ्याआधी कोणती कॅसेट सगळ्यात आधी उतरवायची, ते ठरवून नोंदवहीत लिहावं.